एटीकेटी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

“पयलं जेव, मंग रड.”

गोजराबाईचं हे बोलणं जांबे गावात सगळ्यांच्या कानावरून गेलेलं होतं. कॉलेजातून परतलेली एखादी पोर डोळे पुसत जिन्यात दिसली, की ती कारण विचारायची नाही. ताट वाढायची. भाकरीवर पिठलं, बाजूला ठेचा, वर कांदा. पोरीचं जेवण झालं, की हातावर पाणी घालायची, समोर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, “हां, आता रड. मी बसलीया.” पोटभर जेवल्यावर माणसाला नीट रडता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पोरगी दोन हुंदके द्यायची, तिसऱ्याच्या जागी ढेकर यायचा, आणि मग दोघी हसत सुटायच्या.

जांबे हिंजवडीच्या अंगाला. जिथं ज्वारीची रानं आणि भाताची खाचरं होती, तिथं आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. सकाळी त्यांच्यावर सूर्य असा चमकतो की म्हशीसुद्धा तोंड फिरवून बसतात. गावात घरटी भाड्याच्या खोल्या. गोजराबाईनंही मालक गेल्यावर गोठ्याच्या जागी दुमजली इमारत बांधली. खाली ती, मागं दोन म्हशी, वर चार खोल्या. पण तिची रीत सगळ्या गावाहून निराळी. ती खोल्या द्यायची फक्त कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना. दुसऱ्या वर्षाच्या नाही, नोकरीवाल्या तर नाहीच.

तिचा पुतण्या कैलास, चौकात फ्लेक्स छापायचं दुकान चालवणारा, दर उन्हाळ्यात तिच्याशी भांडायचा. “काकी, कंपनीवाले जास्त भाडं देत्यात. वर तरास न्हाई.”

“कंपनीवाली मानसं आपलं कुलूप आन आपली अक्कल घिऊन येत्यात,” गोजराबाई म्हणायची. “त्यास्नी माजा काय उपेग? पयल्या वर्साची पोर बघ. चप्पल कुटं काढावी हे बी तिला इचारावं लागतं.”

वर्ष संपलं, की त्याच पोरीला ती सांगायची, “तुला आता कॉलेज कळलं, बस कळली, मानसं कळली. खोली खाली कर, माजी नवी यायचीया.” पोरी रुसायच्या, गळ्यात पडायच्या. जन्मभर भात लावलेल्या गोजराबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. बी तरव्यात दाट पेरायचं, रोप हाताएवढं झालं की उपटून दुसऱ्या खाचरात लावायचं. तरव्यातच राहिलं तर पिवळं पडतं.

त्या साली आलेल्या पोरींत रोहिणी मरगळे होती. मुळशी धरणाच्या पल्याड डोंगराच्या सपाटीवर तिची वाडी. बाप देवू म्हशी राखायचा, मोहळं उतरवायचा, करवंदं विकायचा आणि खाली काम निघालं तर मजुरीला यायचा. पौडला मामाकडं राहून रोहिणी बारावी झाली आणि जांब्याजवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आली. वाडीतून कॉलेजात गेलेलं हे पहिलंच पोर. देवूनं तिची पत्र्याची पेटी खोलीत ठेवली, गोजराबाईच्या पायऱ्यांवर बसून पाणी प्याला आणि जाताना एवढंच म्हणाला, “पोर गरीब हाय. समदं ऐकती.”

“लई ऐकत आसंल तर तेच मोडाया पायजे,” गोजराबाई मनाशी म्हणाली.

पोर खरंच सगळं ऐकायची. काहीही सांगा, मान हलवायची. समजलं तरी मान हलवायची, नाही समजलं तरी तशीच. पहिल्याच रविवारी गोजराबाईनं तिला हिंजवडीच्या बाजारात पाठवलं. “कंदिलाची काच आन. बारीक तोंडाची.”

रोहिणी बसनं गेली. भांड्याच्या दुकानात विचारलं, हार्डवेअरमध्ये विचारलं, विजेच्या सामानाच्या दुकानात विचारलं. एकानं हिंदीत उत्तर दिलं, म्हणून तिनंही मोडक्या हिंदीत विचारलं. एक म्हातारा दुकानदार तर कंदिलाचं नाव ऐकून इतका खुलला, की त्यानं तिला चहाच पाजला. काच काही मिळाली नाही. ऊन उतरल्यावर ती रडवेली होऊन परतली.

“न्हाई मिळाली, मावशी.”

“कशी मिळंल? कंदील तरी कुटं हाय आपल्यात?” गोजराबाई म्हणाली. “किती जनांशी बोललीस?”

रोहिणी बोटं मोजू लागली.

“बग. सकाळी त्या बाजारात तुला एक मानूस वळखीचं नव्हतं. जेव आता.”

नसलेली वस्तू आणायला पाठवणं ही तिची जुनी युक्ती. आधीच्या पोरींपैकी कोणी मातीची रांजणी शोधून आली होती, कोणी जात्याचा खुंटा. आणि त्या सगळ्या नव्या पोरींना हे गुपित कधी सांगत नसत.

कॉलेजात मात्र रोहिणीचं बरं चाललं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी हजेरी घेताना नाव पुकारलं, आणि ती उभी राहून म्हणाली, “हाय, सर.” मागच्या बाकावरून जनार्दन नावाचा एक उंच पोरगा ओरडला, “हॅलो!” वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून तिचं नाव ‘हाय-हॅलो’ पडलं. तिनं तोंडच मिटून घेतलं. सर इंग्रजीत शिकवायचे, ती मान हलवायची. फिजिक्सचा तास तिच्यावरून असा जायचा, जसा ढग वाडीवरून न बरसता जातो.

“त्यात हसण्यासारकं काय हाय?” गोजराबाई म्हणाली. “तू हायेस, म्हून हाय म्हनलीस. न्हाई कसं म्हनशील?”

पण हसणं कानात राहिलं ते राहिलंच.

पहिल्या सत्राचा निकाल हिवाळा सरता सरता लागला. रोहिणीनं फोनवर पाहिला. फिजिक्स आणि इंग्रजी, दोन ठिकाणी नापास. खाली इंग्रजीत काही अक्षरं होती, ती तिनं वाचलीच नाहीत. तिच्या लेखी गोष्ट तिथंच संपली होती. वाडीत दहावीला नापास झालेली चार पोरं होती. चौघंही दुसऱ्या दिवशी म्हशींमागं गेली होती आणि अजून म्हशींमागंच होती. शनिवारी पेटी उचलायची आणि कुणाला काही न बोलता घरी जायचं, असं तिनं ठरवून टाकलं. बापाला काय सांगायचं, एवढंच सुचत नव्हतं.

ती खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिच्याबरोबर राहणारी सोनल, भोरची, जिभेनं चुरूचुरू, बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होती. खालून गोजराबाईनं हाक मारली.

“सोनल, रोहिणी जेवाया का येईना गं?”

“रडतेय, मावशी. केटी लागली तिला.”

“काय लागली?”

“एटीकेटी!”

आता हा ‘लागणं’ शब्द मोठा फसवा. ठेच लागते, नजर लागते, हळद लागते, लॉटरीही लागते. पण जांब्यात गेली वीस वर्षं पोरीला ‘लागली’ म्हटलं, की त्याचा एकच अर्थ होता. नोकरी. आणि ती जिथं लागायची, त्या कंपनीचं नाव इंग्रजी अक्षरांचंच असायचं. कुणाचा पोरगा तीन अक्षरांच्या कंपनीत, कुणाची सून चार अक्षरांच्या. अक्षरं कशाची, हे गावात कुणी विचारत नसे. आयटी पार्कचा फेज कितवा, एवढंच विचारत.

गोजराबाई पदराला हात पुसत जिना चढून वर आली. तिचं तोंड असं फुललं होतं, की रोहिणी उठूनच बसली.

“लागली व्हय गं?”

रोहिणीनं मान हलवली.

“आन रडतीस कशाला, येडे? माजी पुतनी बी तिला लागली तवा आशीच रडली व्हती. दोन दिस जेवली न्हाई.”

रोहिणीनं डोळे पुसले. “त्यांना बी लागली व्हती?”

“तर! आमच्या घरातली पयली तीच.”

“मंग त्यांचं पुढं काय झालं?”

“काय व्हायचं? बंगलोरला हाय. बंगला बांधला. दारात गाडी.”

रोहिणीला काही उलगडेना. पण मावशी आपल्याला धीर देतेय, एवढं तिला कळलं. त्या संध्याकाळी गोजराबाईनं सढळ तूप घालून शिरा केला, वर बेदाणे टाकले आणि रोहिणीला दोनदा वाढला. नापास झाल्यावर शिरा खाऊ घालणारं माणूस पोरीनं पहिल्यांदाच पाहिलं. तिला वाटलं, जाण्याआधी हिच्या पाया पडून जायचं.

दोन दिवसांनी ती कॉलेजातून परतली, चौकात बसमधून उतरली, आणि तिच्यासमोर तीच उभी होती. आठ फूट उंच. गणपतीच्या आरतीला कैलासनं काढलेला फोटो. हातातलं आरतीचं ताट कापून टाकलेलं, डोक्यामागं सोनेरी किरणं, दोन्ही अंगांना फुगे. आणि त्याखाली भगव्या अक्षरांत:

‘जांबे गावची शान! लहान वयात मोठी झेप! कु. रोहिणी देवू मरगळे हिला एटीकेटी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : गोजराबाई आणि समस्त ग्रामस्थ.’

रोहिणीनं ते दोनदा वाचलं.

“आली बग, आली!” चहाच्या टपरीवरून चंद्राबाई ओरडली. “कितव्या फेजला गं ही एटीकेटी?”

“नवी आलीया वाटतं,” टपरीवरचा दुसरा कोणी म्हणाला. “तिसऱ्या फेजच्या मागं काम चाललं व्हतं ना, तीच आसंल.”

“पयल्याच वर्साला उचलली पोर! हुशार आसनार.”

गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेली काही पोरं दुचाक्या थांबवून बोर्ड वाचत होती आणि पोट धरून हसत होती. एकानं तर फोटो काढला. रोहिणीला जनार्दनचं ‘हॅलो’ आठवलं. ती तोंडावर ओढणी घेऊन पळत सुटली.

घरी आल्या आल्या तिनं पेटी ओढली. गोजराबाई शेण काढायचं टाकून मागल्या दारानं आली.

“बगितलास का बोर्ड? कैलासला म्हनलं, रंगात कसूर नको.”

“मावशी,” रोहिणी म्हणाली, “केटी म्हंजी नापास.”

गोजराबाई उभी होती ती पायरीवर बसली. तिच्या हाताला शेण होतं, त्यामुळं कपाळाला लावायचा हात तिनं हवेतच धरून ठेवला.

“कंपनी न्हाई?”

“न्हाई.”

“आन म्या शिरा केला?”

“व्हय.”

“तू खाल्लास बी?”

“तुमी वाढला म्हून.”

सोनल दारात उभी होती. तिनं ओठ चावून हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर पडलंच. गोजराबाईनं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. “तू लागली म्हनलीस! नापास म्हनाया तुला काय झालं हुतं?”

“सगळे असंच म्हणतात, मावशी! केटी लागली म्हणतात.”

“आन ते एटीकेटी म्हंजी काय ते तरी सांग.”

“अलाउड टू कीप टर्म्स,” सोनल म्हणाली. “म्हणजे त्या विषयात नापास आहेस, पण पुढं शिकत राहायला परवानगी आहे. पेपर तेवढा परत द्यायचा.”

रोहिणीच्या हातातून पेटीचं झाकण खाली पडलं. “काढून टाकत न्हाईत?”

“काढतील कशाला? अर्ध्या वर्गाला लागल्यात. अगं, तुला माहीत नव्हतं?”

तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं कुणाला विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, हे तर हिला माहीतच असणार. सबंध सत्र ती मान हलवत आली होती ना.

“थांब थांब,” गोजराबाई म्हणाली. “म्हंजी कॉलेजानं हिला हाकलली न्हाई. ठिवून घेतलीया.”

“हो. तसंच.”

“मंग पेटी कशाला काडलीस गं?”

रोहिणी पेटीकडं पाहत राहिली. तिला जायचं नव्हतं. हे तिला त्या घडीपर्यंत स्वतःलाही माहीत नव्हतं. जावं लागणार, म्हणून ती निघाली होती. आता जावं लागणार नव्हतं. तिनं पेटी पायानं मागं सारली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वाडीत शंभूकडं एकच मोठा फोन होता, त्यावरून बाप बोलत होता. मागं दहा माणसांचा गलका. “रोहिणे! बोर्ड बगितला! शंभूच्या फोनवर आला! समद्या वाडीनं बगितला! उद्या पयल्या गाडीनं येतुया म्या!” ती काही बोलायच्या आत फोन गेला. डोंगरावर रेंज तेवढीच असते.

गोजराबाईनं कैलासला बोलावून बोर्ड उतरवायला सांगितलं. बांबू बांधणारा माणूस सूस गावात दुसऱ्या कामावर होता, तो उद्या दुपारी येणार होता. कैलास मान खाली घालून उभा. “म्या बी कंपनीच समजलो, काकी. म्हून ती ‘मोठी झेप’ माज्या पदरची टाकली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवू आला. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला लग्नातला फेटा, हातात मधाची बाटली. चौकात उतरून तो बोर्डासमोर किती तरी वेळ उभा राहिला होता, हे चंद्राबाईनं मागाहून सांगितलं. वाचता येत नव्हतं, पण लेकीचं तोंड ओळखू येत होतं. त्यानं बोर्डाच्या बांबूला हात लावून तो कपाळाला लावला होता.

ओट्यावर बसून त्यानं मधाची बाटली गोजराबाईपुढं सरकवली. “तुमच्यामुळं झालं, आक्का.”

गोजराबाईनं बाटलीला हात लावला नाही. आदल्या संध्याकाळपासून ती रोहिणीला सांगत होती, की चूक माझी, पण बापाला तू सांगायचं. मी सांगितलं तर ती माझी गोष्ट होईल. तिनं फक्त रोहिणीकडं पाहिलं.

“आबा,” रोहिणी म्हणाली. “नोकरी न्हाई लागली. दोन इषयात नापास झालीया.”

देवूनं मान वळवून चौकाकडं पाहिलं.

“मंग बोर्डावर नाव कसं?”

“ती चूक माजी,” गोजराबाई म्हणाली. “मला वाटलं कंपनी हाय.”

“म्या वाडीत समद्यांना सांगून आलो,” देवू हळू म्हणाला. “पेढं न्हाई मिळालं, म्हून गूळ वाटला.” मग तो उठला. “चल पोरी. आन पेटी. नापास पोर घरी बसतं. तितं तुला कुनी हसनार न्हाई, आन हसलं तर म्या हाय.”

तो रागावला असता तर रोहिणीला सोपं गेलं असतं. तो मायेनं बोलत होता.

नेमका त्याच वेळी शेखर दूध न्यायला किटली घेऊन दारात आला. शेजारच्या इमारतीत राहणारा, गळ्यात ओळखपत्र, केस ओले. बोर्डाखाली पोट धरून हसणाऱ्यांत हाही होता, हे रोहिणीनं ओळखलं आणि तोंड फिरवलं.

“बोर्डवरच्या तुम्हीच ना?” शेखर म्हणाला. “काल मी इतका हसलो. मला चार लागल्या होत्या, पण आमच्या गावानं साधा हारही घातला नाही.”

देवूनं त्याच्याकडं पाहिलं. “तुमाला चार? नापास?”

“चार. पहिल्या वर्षाला. दोन तर दोनदा.”

“आन आता?”

“आता काय, इथं हिंजवडीलाच आहे. दुसऱ्या फेजला.”

देवूनं ते ओळखपत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यावरचा फोटो आणि समोरचं तोंड ताडून पाहिलं. मग तो गंभीरपणे म्हणाला, “म्हंजी चार लागाया पायजेत व्हय? हिला तर दोनच लागल्यात.”

सोनल जिन्यात मटकन बसली. शेखरच्या हातातली किटली पडता पडता वाचली. गोजराबाई हसू लागली ती थांबेचना. पदरानं डोळे पुसत ती भिंतीला टेकली. देवूला आपण काय बोललो ते नीटसं कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हटल्यावर त्याच्याही मिशा हलल्या.

हसणं विरल्यावर त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. “कॉलेज ठिवून घेतंय हिला?”

“घेतंय,” गोजराबाई म्हणाली. “पेपर परत द्याया सांगितलंय.”

“आन तुज्या मनात काय हाय?” त्यानं लेकीला विचारलं. “ऱ्हायचंय का?”

रोहिणीनं मान हलवली.

“मान नगं हलवू!” गोजराबाई कडाडली. “म्हैस बी मान हलवती. तोंडानं बोल.”

“ऱ्हायचंय, आबा.” आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “मला फिजिक्स कळत न्हाई. इंग्रजी बी कळत न्हाई. पण मला ऱ्हायचंय. परत नापास झाली तर परत पेपर दीन.”

देवूनं मधाची बाटली पुन्हा गोजराबाईपुढं सरकवली. “वाडीला काय सांगू?”

“सांगा, ठिवून घेतलीया,” गोजराबाई म्हणाली. “खोटं बी न्हाई त्यात काय.”

“ठिवून घेतलीया,” देवूनं जिभेवर घोळवून पाहिलं. त्याला ते बरं वाटलं. तो जेवला, आणि दुपारच्या गाडीनं एकटाच परत गेला.

बांबूवाला आला, पण त्याला बोर्ड लगेच उतरवता आला नाही. कारण त्याखाली कॉलेजची पोरं जमली होती. फोटो वर्गात पोचला होता. ज्यांना ज्यांना लागल्या होत्या आणि ज्यांनी घरी सांगितलं नव्हतं, ती सगळी बोर्डाशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती. कुणी बोटं वर करून आपला आकडा दाखवत होतं. जनार्दननं तीन बोटं वर केली होती.

“ये हॅलो,” रोहिणी त्याला म्हणाली, “तुला माझ्याहून एक जास्त.”

तो कान खाजवत राहिला. “माझंही नाव टाकायला सांग ना त्यावर.”

गोजराबाई हे चंद्राबाईच्या टपरीवरून पाहत होती. रविवारी तिनं या सगळ्यांना आपल्या गच्चीवर बोलावलं. तिला फिजिक्स येत नव्हतं, पण सावड येत होती. भातलावणीला आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात उतरायचं, उद्या त्यानं दुसऱ्याच्या. आवतण मालकाचं, हात सगळ्यांचे, आणि हिशेब कुणी ठेवायचा नाही. तिनं तशाच पोरांच्या वाटण्या केल्या. सोनलला फिजिक्स यायचं, पण झाडांची नावं पाठ होत नव्हती. रोहिणीनं तिला गच्चीवरून खाली नेऊन ओढ्याकाठची झाडं पानं चोळून, वास घेऊन ओळखायला शिकवली. जनार्दनचं इंग्रजी बरं होतं. त्याच्यावर गोजराबाईनं रोहिणीचं इंग्रजी सोपवलं, आणि वर्गात हसल्याबद्दल सगळ्यांची ताटं घासायचं कामही. “हितं एक नेम,” ती म्हणायची. “ज्याला कळलं न्हाई त्यानं ‘न्हाई’ म्हनायचं. मोठ्यानं.” उन्हं कलेपर्यंत गच्चीवरून ‘न्हाई!’ ‘न्हाई!’ असे आवाज येत, आणि गल्लीतून जाणाऱ्यांना वाटे, वर कसलं भांडण लागलंय.

उन्हाळ्यात परीक्षा झाल्या. निकाल आला तेव्हा फिजिक्स सुटलं होतं. इंग्रजी पुन्हा राहिलं. रोहिणीनं शंभूच्या फोनवर बापाला स्वतःच सांगितलं, “आबा, एक गेली, एक हाय अजून.” देवू पलीकडून म्हणाला, “जाईल ती बी. तुला ठिवून घेतलीया नव्हं?”

“व्हय.”

त्याच आठवड्यात गोजराबाईनं जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून हाक मारली. “रोहिणी, सोनल! खोली खाली करा. माजी नवी यायचीया.”

सोनलनं हात जोडून पाहिले. रोहिणी म्हणाली, “मावशी, इंग्रजी राह्यलंय अजून. तेवढं सुटू द्या.”

“ते तितनं सुटंल,” गोजराबाई म्हणाली. “हितं तुला आता म्या सांगते ते समदं म्हाईत झालंय. परवा नव्या पोरीच्या बापाशी तूच बोललीस, मला तोंड उगडू दिलं न्हाईस. जा.”

चौकापलीकडं एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोघींनी मिळून खोली घेतली. कैलासनं टेम्पो देऊ केला होता, पण गोजराबाई त्याची वाट पाहत थांबली नाही. गुंडाळलेली गादी डोक्यावर घेऊन ती पुढं चालू लागली, आणि पोरींना पिशव्या घेऊन तिच्यामागं पळावं लागलं. खोलीवर पोचल्यावर तिनं नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली, खिडकीतून खाली वाकून पाहिलं. मालकाला, “पोरी चांगल्या हायेत, पर बोलक्या हायेत,” असं बजावलं. रोहिणीला काही बोलायचं होतं. ते ओठांवर येईपर्यंत गोजराबाई पायात चपला सरकवून जिना उतरूनही गेली होती.

दोघी गॅलरीत आल्या. खाली संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. हिंजवडीहून सुटलेल्या गाड्या, पाण्याचे टँकर, हॉर्नचा गदारोळ. गोजराबाई रस्त्याच्या कडेला आली, पदर खोचला आणि हात वर करून सरळ टँकरपुढं उतरली. टँकर थांबला. मागच्या दुचाक्या थांबल्या. तिनं ड्रायव्हरला काहीतरी सुनावलं, त्यानं हात जोडले, आणि ती रमतगमत पलीकडं गेली. चंद्राबाईनं टपरीवरून काहीतरी विचारलं. तिनं मागं न पाहता बोट वर करून, दुसऱ्या मजल्याकडं दाखवलं.

“मावशी!” सोनल ओरडली. आवाज गाड्यांत बुडाला.

रोहिणीनं हाक मारली नाही. ती कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून पाहत राहिली. हिरवं लुगडं गर्दीत एकदा दिसलं, दुधाच्या डेअरीजवळ पुन्हा एकदा दिसलं, आणि वळणावरून आत गेलं.